पुराच्या पाण्यावरचा नफा: कुठला रास्त, कुठला अडवणुकीचा

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर चढलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प झाली. कल्लोळ-येडूर पूल पाण्याखाली गेला, गोकाकजवळचा लोळसूर पूल बुडाला. चिकोडी, निपाणी, अथणी, कागवाड, रायबाग तालुक्यांतल्या नदीकाठच्या लोकांना जनावरांसह घरं सोडावी लागली. जुलै २०२१ मध्ये निपाणी-संकेश्वर पट्ट्यात पुन्हा पाणी आलं.

अशा पुरात कमावणारे बरेच असतात. चढ्या दरानं पाण्याचे कॅन विकणारा, चिखल उपसायला इंजिन भाड्यानं देणारा, शेकडा पाचनं पैसे सोडणारा, बुडालेला ऊस उभ्यानं मागणारा, नदीकाठची जमीन स्वस्तात उचलणारा, सिमेंट कंपनीचे शेअर घेणारा. आणि यातल्या कुणालाच माहीत नसलेला, परदेशात बसून आपत्तीच्या रोख्यांत पैसे गुंतवणारा. सगळ्यांनाच मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणून मोकळं होता येतं. पण यातल्या काहींच्या पैशाशिवाय पुढच्या पुरात आपलं भागणार नाही, आणि काहींना वेळीच ओळखलं नाही तर पुरानं नेलं त्याहून जास्त तेच नेतात.

आमच्या मते नफा किती झाला हा पहिला प्रश्न नव्हे. व्यवहार ठरला तेव्हा समोरच्याला ‘नको’ म्हणता येत होतं का, हा पहिला प्रश्न. त्याला लागून दुसरा: नफा घेणाऱ्यानं स्वतः काही जोखीम उचलली की नुसती दुसऱ्याची अडचण उचलली?

पूर यायच्या आधी लावलेला पैसा

दूरच्या गुंतवणूकदारापासून सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात अँड्र्यू चक्रीवादळ आलं. विमा कंपन्यांवर सुमारे १५ अब्ज डॉलरचा बोजा पडला आणि काही कंपन्या बुडाल्या. एवढी मोठी आपत्ती एकट्या विमा क्षेत्राला पेलवणार नाही, हे कळल्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यात आपत्ती रोखे निघाले.

त्यांचं गणित उदाहरणानं पाहू, आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेले आहेत. एका सरकारला पुरासाठी १०० कोटींचं संरक्षण हवं आहे. गुंतवणूकदार १०० कोटी एका स्वतंत्र खात्यात भरतात आणि ती रक्कम सुरक्षित सरकारी कागदांत ठेवली जाते. सरकार दरवर्षी ७ कोटी हप्ता भरतं, तो गुंतवणूकदारांना जातो, वर ठेवीचं व्याजही मिळतं. करार तीन वर्षांचा. ठरलेल्या मापाचा पूर तीन वर्षांत आलाच नाही, तर गुंतवणूकदार २१ कोटी हप्ता, व्याज आणि मुद्दल घेऊन जातात. पूर आला तर त्यांचं मुद्दल सरकारकडे जातं. असा पूर येण्याची शक्यता वर्षाला ३ टक्के असेल, तर सरासरीनं वर्षाचं नुकसान ३ कोटी धरायचं. हप्ता मात्र ७ कोटी. वरचे ४ कोटी ही जोखीम उचलण्याची किंमत. शेअर बाजार पडला म्हणून पूर येत नाही आणि पूर आला म्हणून जगभरचे शेअर पडत नाहीत, म्हणून मोठे निधी यात पैसे घालतात.

म्हणजे हा माणूस पूर न येण्यावर कमावतो. पूर आला की त्याचं नुकसान आणि पूरग्रस्तांच्या सरकारचा फायदा. सौदा कोरड्या दिवसांत, दोन्ही बाजूंना विचार करायला वेळ असताना झालेला असतो. अशा नफ्याला नावं ठेवायचं कारण आम्हाला दिसत नाही.

खोट निघते ती कराराच्या बारीक अक्षरांत. पैसे कधी सुटणार याची अट प्रत्यक्ष नुकसानीवर नसते, मोजता येणाऱ्या एखाद्या आकड्यावर असते: हवेचा दाब, भूकंपाची तीव्रता, नदीची पातळी. त्यामुळे पैसे लवकर सुटतात, पंचनामा लागत नाही. पण आकडा चुकला की घर वाहून गेलेलं असूनही एक पैसा मिळत नाही. जमैका देशाकडे १५ कोटी डॉलरचा असा रोखा होता. जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळानं तिथे मोठी हानी केली, पण हवेचा दाब ठरलेल्या पातळीइतका खाली न आल्यामुळे रक्कम मिळाली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा वादळ थेट बेटावर आदळलं तेव्हा सगळी रक्कम मिळाली.

याहून वाईट उदाहरण जागतिक बँकेच्या २०१७ च्या साथरोग रोख्यांचं. ते ३२ कोटी डॉलरचे होते. त्यातल्या जास्त जोखमीच्या भागावर गुंतवणूकदारांना बाजारातल्या आधारभूत व्याजाच्या वर ११.१ टक्के मिळत होते. काँगोत २०१८ ते २०२० दरम्यान इबोलानं २,२०० हून अधिक माणसं मेली, पण दुसऱ्या देशातही किमान २० मृत्यू व्हायला हवेत ही अट पुरी झाली नाही, आणि रोख्यांतून काही सुटलं नाही. कोरोनाच्या वेळी एप्रिल २०२० मध्ये सुमारे १९.६ कोटी डॉलर सुटले, तेव्हा साथ जगभर पसरून गेली होती. इथेही सौदा आधीच झालेला होता, पण ज्याचा जीव जाणार त्याला अट ठरवताना कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या वतीनं ‘नको’ म्हणणारं कुणीच टेबलावर नव्हतं.

आपल्या नद्यांना हे लावून पाहा. उद्या कृष्णा खोऱ्यासाठी असं संरक्षण घ्यायचं ठरलं आणि अट कोल्हापुरातल्या पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर बांधली. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट सगळ्यांना पाठ आहे, रोज जाहीर होते, म्हणून ती सोयीची वाटेल. पण संकेश्वरजवळून वाहणारी हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते, तिचा पंचगंगेशी संबंध नाही. राजाराम बंधारा ४० फुटांवर असताना संकेश्वरात पाणी शिरलं तर मोजपट्टीच्या हिशेबी पूर आलेलाच नसतो. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी कल्लोळला कृष्णेत पडतं, त्याच्यासाठी मापक त्याच नद्यांवर हवा. घटप्रभेचं पाणी हिडकल धरणाच्या विसर्गावर अवलंबून, मलप्रभेचं नविलुतीर्थ धरणावर. एकाच जिल्ह्यात एवढी वेगळी पाणी असताना एका मोजपट्टीवर करार करणं म्हणजे अर्ध्या जिल्ह्याचा हप्ता फुकट घालवणं. विकणाऱ्याला हे माहीत असतं. घेणाऱ्यालाही माहीत असायला हवं.

आपल्या ओळखीचा आधी लावलेला पैसा म्हणजे पीक विमा. पंतप्रधान पीक विमा योजनेत (खरीप २०१६ पासून) शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या खरिपात २ टक्के, रब्बीत १.५ टक्के, नगदी आणि फळपिकांना ५ टक्क्यांपर्यंत. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य भरतं. कंपनीचा नफा म्हणजे आपल्याच करातला पैसा, तेव्हा तो किती असावा हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. बीड जिल्ह्यात २०२० पासून यावर एक तोडगा वापरला गेला: भरपाई जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याचा, आणि भरपाई फारच कमी झाली तर कंपनीनं हप्त्याच्या २० टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करायचे. जोखमीला मर्यादा तशी नफ्यालाही. आम्हाला हे तत्त्व पटतं.

आधी लावलेला सगळाच पैसा निर्दोष मात्र नसतो. बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारात पसरतं आणि भात कुजतं. नाल्यात गाळ आहे, अतिक्रमण आहे. सखल जागेत भराव टाकून प्लॉट पाडणाऱ्यानं पैसा पुराच्या आधीच लावलेला असतो, विकत घेणाराही राजीखुशीनं घेतो. पण पाणी ज्याच्या शिवारात वळलं तो शेतकरी या सौद्यात कुठेच नव्हता. असा नफा पुराची वाट पाहत बसत नाही, पूर तयार करतो. यादीतल्या सगळ्यांपेक्षा आम्हाला हा जास्त धोक्याचा वाटतो, कारण पाणी येतं तेव्हा प्लॉट विकणारा तिथे नसतोच.

पाणी आल्यानंतर दारात उभा राहिलेला पैसा

भाववाढीच्या बाजूनं अर्थशास्त्रातला एक युक्तिवाद नेहमी केला जातो. टंचाईत भाव वाढला की लांबचा व्यापारी माल घेऊन येतो, पुरवठा वाढतो, भाव उतरतो. युक्तिवाद खरा आहे, पण रस्ता उघडा असेल तरच. यमगर्णीला महामार्ग बंद, कुडचीचा पूल बंद, कल्लोळचा बंद, अशा वेळी दुधाचा दर दुप्पट केला म्हणून दुधाचा एकही टँकर जास्त येत नाही. जो साठा गावात आहे त्याचीच किंमत वाढते. त्या तीन-चार दिवसांतला जादा नफा पुरवठा वाढवत नाही, म्हणून त्याला कसलंही समर्थन नाही. पाणी ओसरून रस्ता सुरू झाल्यावर लांबून ट्रॅक्टर आणणारा नेहमीपेक्षा जास्त भाडं मागत असेल, तर त्याला वाढलेला खर्च विचारा: डिझेल, फेरा, माणसांची मजुरी. खर्च दाखवता आला तर दर रास्त. ‘आज हाच भाव’ एवढंच उत्तर आलं, तर ती अडवणूक.

साठेबाजीला सरकार आवर घालू शकतं, त्यासाठी १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. २०१९ च्या अतिवृष्टीत कांदा गेला तेव्हा सप्टेंबरअखेर निर्यात बंद झाली आणि घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल, किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल अशी साठ्याची मर्यादा आली. डिसेंबरात ती २५० आणि ५० वर आणली. सिमेंटचे शेअर घेणाऱ्याबद्दल फार लिहायचं कारण नाही. त्याला शेअर विकणारा दुसरा गुंतवणूकदार असतो, पूरग्रस्त नव्हे. तो मदत करत नाही आणि कुणाला लुबाडतही नाही. मात्र ‘अमुक धरण फुटलं’ असे निरोप पसरवून बाजार हलवणारा वेगळा, तो गुन्हा आहे.

खरी अडवणूक तीन ठिकाणी होते, आणि तिन्ही ठिकाणी विकला जाणारा माल एकच असतो: समोरच्याची घाई.

पहिलं ठिकाण सावकारी. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. पन्नास हजार घेतले तर महिन्याला अडीच हजार व्याज. ऑगस्टात घेतलेले पैसे उसाचं बिल येईपर्यंत जानेवारीत फेडले, तरी पाच महिन्यांचे साडेबारा हजार व्याजात गेले. याच्यासमोर पीकेपीएसचं (गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थेचं) पीक कर्ज ठेवून पाहा: कर्नाटकात सहकारी संस्थांकडून पाच लाखांपर्यंतचं अल्पमुदत पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला बिनव्याजी आहे. पूर आल्यावर ते कर्ज थकणार या भीतीनं लोक सावकाराकडून घेऊन ते भरतात. हे नेमकं उलटं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या सूचनांनुसार, सरकारनं आपत्ती जाहीर केलेल्या भागात पिकाचं नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर पीक कर्जाचं पुनर्गठन करून दोन वर्षांपर्यंत मुदत देता येत होती, ५० टक्के किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत, त्यात सुरुवातीचं एक वर्ष हप्ता नव्हता. अशी सवलत आपोआप मिळेल असं धरून बसू नका. बँकेत किंवा सोसायटीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पंचनाम्यात आपल्या सर्व्हे नंबराला नुकसानीचा टक्का किती लिहिलाय हे तलाठ्याकडे बघून घ्या. ३० लिहिलं की ३५ यावर सगळं फिरतं. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकानं २०२५ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी वटहुकूम काढला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती.

दुसरं, उभा ऊस. पाणी ओसरल्यावर पहिल्याच आठवड्यात मध्यस्थ येतो आणि सांगतो की ऊस गेला, मिळेल त्यात द्या. ऊस गेला की नाही हे त्या आठवड्यात कुणालाच कळत नाही. शेंडा पाण्याच्या वर राहिला असेल तर पीक बहुधा सावरतं. कांड्यांना मुळ्या फुटतात, वजन आणि साखर घटते, पण तोडीला लागतं. शेंडा बरेच दिवस बुडाला, पोंगा (शेंड्यातली कोवळ्या पानांची गुंडाळी) ओढल्यावर सहज हातात आला आणि त्याला कुजका वास असला, तर तो ऊस वाढणार नाही. डोळे फुटून पांगशा (कांड्यांवरचे कोंब) निघू लागल्या की साखर आणखी उतरते. म्हणून आधी वेगवेगळ्या सरींतले वीस-पंचवीस पोंगे ओढून पाहा, मग भाव बोला. २०२५-२६ हंगामाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, पण मोजमाप इथून सुरू करायचं. ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासह. मध्यस्थाला ऊस दिला की या संरक्षणावर पाणी सोडलं. पूरबाधित उसाला तोडीत प्राधान्य द्या, असा अर्ज गावानं मिळून कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याकडे द्यावा. एकेकटा गेला की तोडणी टोळीला खुशाली (वरकड पैसे) किती द्यायची यावरच बोलणं अडकतं.

तिसरं, जमीन. इथे झालेलं नुकसान परत फिरत नाही. २०२० च्या दुरुस्तीनं कर्नाटक भू-सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं गेली, त्यामुळे शेतकरी नसलेला माणूसही शेतजमीन घेऊ शकतो. गिऱ्हाईक वाढलं ही विकणाऱ्याच्या दृष्टीनं बरी गोष्ट, पण पूर ओसरल्याच्या महिन्यात आलेलं गिऱ्हाईक भाव कमी असल्यामुळेच आलेलं असतं. रानात गाळ साचलाय, नदीनं काठ खाल्लाय, मोटार वाहून गेलीय. त्या दिवशीची किंमत ही जमिनीची किंमत नव्हे. आपत्ती निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत तीन इंचांवर साचलेला गाळ काढायला हेक्टरी १८,००० रुपये, आणि नदीनं पात्र बदलून जमीन खरडून गेली तर अल्प व अत्यल्प भूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये होते. पिकासाठी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये हेक्टरी, दोन हेक्टरांपर्यंत. ही रक्कम नुकसानीच्या मानानं तोकडी आहे, हे आम्हीही म्हणतो. तरी पहिले काही महिने न विकता काढायला ती उपयोगी पडते, आणि तेवढा वेळ मिळाला की भाव सावरतो.

संचकार (इसार, आगाऊ रक्कम) घेऊन ‘पुढचं बघू’ म्हणणं सर्वांत महागात पडतं. संचकार पत्रावर मुदत, पूर्ण रक्कम आणि सर्व्हे नंबर नसेल तर सही करू नका. कोऱ्या बाँडवर आणि मुखत्यारपत्रावर तर कधीच नाही.  अनुसूचित जाती-जमातींना सरकारकडून मिळालेली जमीन १९७८ च्या कायद्यानुसार सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विकताच येत नाही, आणि तसा व्यवहार रद्द होतो. हे ठाऊक असूनही घेणारे असतात. खरेदी होत नाही म्हणून ते नुसत्या कराराच्या कागदावर जमीन कसत राहतात.

पहिल्या आठवड्यात हातात काय असावं

घर आणि दुकानासाठी एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी द्याव्या लागतात: घराला भारत गृह रक्षा, छोट्या दुकान-कारखान्याला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. दोन्हींत पूर येतो. पाणी उतरलं की चिखल धुवायच्या आधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसू द्या. भिजलेला माल सर्व्हेअर बघून जाईपर्यंत टाकू नका. गाडी पाण्यात उभी होती तर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असताना सुरू केल्यानं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण लागतं. ‘क्लेम काढून देतो, तीस टक्के माझे’ म्हणणारा याच दिवसांत फिरतो. त्याच्या हातात मूळ पॉलिसी देऊ नका. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आहे, तक्रार फुकट नोंदते, आणि त्यापुढे विमा लोकपाल आहे.

पीक विम्यात गारपीट, ढगफुटी किंवा शेतात पाणी साचणं यासारख्या स्थानिक नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते, १४४४७ वर किंवा बँकेत. कुठल्या पिकाला कुठली जोखीम लागू आहे हे अधिसूचनेत असतं, ते पेरणीच्या वेळीच कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून ठेवा. मोठ्या क्षेत्रावरच्या नुकसानीत मात्र तुमच्या एकट्याच्या रानाची नव्हे, अख्ख्या पंचायतीची सरासरी धरतात: उंबरठा उत्पन्न (भरपाईसाठी आधी ठरवलेली पातळी) हेक्टरी १० क्विंटल आणि कापणी प्रयोगात, म्हणजे नमुन्याच्या रानातलं पीक कापून वजन केल्यावर, ६ आलं, तर विमा रकमेच्या ४० टक्के. म्हणून कापणी प्रयोगाच्या दिवशी गावातल्या दोघा-तिघांनी बांधावर हजर राहावं आणि वजन आपल्या वहीत लिहून घ्यावं.

जमिनीचा कुठलाही कागद करायच्या आधी ताजी पहाणी (जमिनीचा उतारा) काढा आणि कॉलम ११ वाचा. बोजा, कर्ज, हक्क तिथे असतात. सोबत उपनोंदणी कार्यालयातून ईसी (जमिनीवरच्या बोजाचा दाखला) काढा. हे दोन्ही हातात येईपर्यंत संचकाराचे पैसे घेऊ नका, आणि ‘आजच्या आज सही पाहिजे’ म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगा.